पदक जाहीर, तक्रार गोपनीय

पनवेलच्या सत्र न्यायालयाने 21 एप्रिल 2025 रोजी वरिष्ठ पोलीस निरीक्षक अभय कुरुंदकर याला जन्मठेप सुनावली. अश्विनी बिद्रे खून खटला संपला. तो निकाली निघायला नऊ वर्षे लागली, मृतदेह सापडलाच नाही, आणि खून करणारा व खून झालेली दोघेही पोलीस खात्यातली, हे सगळे एव्हाना सर्वांना पाठ आहे. निकाल देताना न्यायाधीश के. जी. पालदेवार यांनी एक प्रश्न विचारला. खून 2016 मधला. मग 2017 मध्ये या अधिकाऱ्याची राष्ट्रपती पदकासाठी शिफारस झालीच कशी? शिक्षेच्या बातमीत हा प्रश्न जरा बाजूलाच पडला. तो पुन्हा मध्ये आणायला हवा.

तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहा. बिद्रे नवी मुंबई पोलिसांत सहायक पोलीस निरीक्षक होत्या. 11 एप्रिल 2016 नंतर त्या कोणालाही दिसल्या नाहीत. जुलैमध्ये कळंबोली पोलीस ठाण्यात त्या बेपत्ता असल्याची तक्रार झाली. अपहरणाचा गुन्हा नोंदवायला जानेवारी 2017 चा शेवट उजाडला. त्याच जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या पदकांच्या यादीत, कुरुंदकर याचे नाव होते. अटक झाली ती डिसेंबर 2017 मध्ये. म्हणजे एकाच महिन्यात दोन सरकारी कागदांवर एकच नाव आले. एका कागदावर उत्तम सेवेचा गौरव. दुसऱ्या कागदावर अपहरणाचे कलम.

पदक काही रातोरात मिळत नाही. घटकप्रमुख नाव सुचवतो. ते महासंचालकांच्या कार्यालयात जाते, तिथून मंत्रालयात, तिथून दिल्लीला. सोबत अधिकाऱ्याचा सेवापट जातो. किती बक्षिसे मिळाली, किती प्रशस्तिपत्रे, कोणते गाजलेले गुन्हे उघडकीस आणले, सगळे रकाने भरलेले असतात. सचोटीचा दाखला लागतो. विभागीय चौकशी नाही, गुन्हा प्रलंबित नाही, असे कोणीतरी लिहून देते आणि खाली सही करते. इतक्या टेबलांवरून तो कागद पुढे सरकला. एकाही टेबलावर कोणी थांबून विचारले नाही की, ठाणे ग्रामीणच्या ज्या अधिकाऱ्याचे आपण कौतुक करतो आहोत, त्याच्याकडे बोट दाखवत एका सहकारी महिला अधिकाऱ्याचे घरचे लोक नवी मुंबईत हेलपाटे का घालत आहेत?

उत्तरे दोनच असू शकतात. एक, कोणाला माहीत नव्हते. दुसरे, माहीत होते आणि कोणाला फरक पडला नाही. दुसरे उत्तर भयंकर आहे. पण पहिले उत्तर खात्याला सोयीचे वाटत असेल, तर तो गैरसमज आहे. कारण माहीत नव्हते असे म्हणताच पुढचा प्रश्न येतो. पोलिसांविरुद्धच्या तक्रारी तुम्ही ठेवता तरी कुठे?

त्या ठेवतात कपाटात. पदकांची यादी मात्र देशाच्या गृहमंत्रालयाकडून दर 26 जानेवारीच्या आणि 15 ऑगस्टच्या आदल्या दिवशी जाहीर होते. नाव, हुद्दा, नेमणुकीचे ठिकाण, सगळे छापलेले. दुसऱ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्रांत फोटो येतात. चौकात अभिनंदनाचे फलक लागतात, त्यावर ज्यांचे त्या ठाण्यात नेहमीचे येणे-जाणे असते अशा शुभेच्छुकांचे चेहरे असतात. हे सगळे सार्वजनिक. त्याच अधिकाऱ्याविरुद्ध किती अर्ज आले, कितींची चौकशी झाली, कोणत्या चौकशीत ठपका बसला, कोणता ठपका अपिलात पुसला गेला, हे मात्र त्याची खासगी बाब. सेवा एकच. तिचे पान उजळ असले की ते जनतेचे, आणि डागाळलेले असले की घरचे.

कोणत्याही पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात जा. खुर्चीच्या मागे भिंतीवर एक फलक असतो. आजवरच्या प्रभारी अधिकाऱ्यांची नावे, आणि पुढे दोन तारखा. कधीपासून, कधीपर्यंत. बहुतेकांचा मुक्काम दोन-अडीच वर्षांचा असतो. मध्येच एखादे नाव चार महिन्यांत संपलेले दिसते. का संपले, याला फलकावर रकाना नाही. ठाण्यातल्या जुन्या हवालदाराला विचारले तर तो नजर टाळून एवढेच म्हणतो, ‘साहेबांना कंट्रोलला घेतलं.’ नियंत्रण कक्षात घेतले, यापलीकडे त्या गावाला, त्या वसाहतीला, काहीही कळत नाही. सहा महिन्यांनी तेच साहेब दुसऱ्या ठाण्याच्या फलकावर चढतात. तिथल्या लोकांसाठी ते कोऱ्या पाटीचे असतात.

आता तक्रार करणाऱ्याची बाजू बघा. समजा, कामोठ्यातल्या एका माणसाला ठाण्यात बोलावून रात्रभर बसवून ठेवले. नोंद नाही, नोटीस नाही. दोन कानाखाली बसल्या. सकाळी सोडले. तो अर्ज लिहितो. हुशार असेल तर तो ठाण्यात देत नाही, थेट बेलापूरला नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या आवक शाखेत देतो आणि पोच घेतो. आणखी हुशार असेल तर एक प्रत मंत्रालयात, एक महासंचालकांना, एक मानवी हक्क आयोगाला पाठवतो. महिना जातो. मग त्याला एक पत्र येते. आपला अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित करण्यात आला आहे. मंत्रालयाने तो महासंचालकांकडे पाठवलेला असतो, महासंचालकांनी आयुक्तांकडे, आयुक्तांनी परिमंडळाच्या उपायुक्तांकडे, उपायुक्तांनी सहायक आयुक्तांकडे. आणि एके दिवशी फोन येतो, जबाब द्यायला या. कुठे? बहुतेक वेळा ज्या ठाण्याविरुद्ध तक्रार आहे त्याच ठाण्यात, किंवा त्याच्या वरच्या मजल्यावर.

तिथे त्याला चहा मिळतो. समजुतीच्या चार गोष्टी सांगितल्या जातात. ‘तुम्हाला इथंच राहायचंय ना?’ हे वाक्य धमकीच्या सुरात म्हटले जात नाही. काळजीच्या सुरात म्हटले जाते. माझी आता काही तक्रार राहिली नाही, अशा आशयाच्या चार ओळी लिहून घेतल्या जातात. अर्ज दप्तरी दाखल होतो. त्या अधिकाऱ्याच्या सेवापटावर यातली एक रेघही उमटत नाही, कारण नियमानुसार तक्रारीत तथ्य आढळले नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या माणसाच्या कानाखाली बसते, तेव्हा ती पुन्हा पहिलीच तक्रार असते. तिसऱ्या वर्षी तिसरी तक्रार, तीही पहिलीच. दहा माणसे दहा वेळा एकच गोष्ट सांगतात, पण ती दहांची गोष्ट आहे हे त्या दहांपैकी कोणालाच कळू शकत नाही. एकटा माणूस खोटा ठरवायला सोपा असतो. दहा अर्ज एका नावाखाली लावले की अवघड जाते. अर्ज तसे लावायचेच नाहीत, ही या व्यवस्थेची खरी ताकद.

माहितीचा अधिकार आहे की, असे कोणी म्हणेल. आहे. आणि त्याची पायवाट कशी बुजत गेली तेही या प्रश्नात पाहण्यासारखे आहे. 2005 च्या मूळ कायद्यातल्या कलम 8(1)(जे) मध्ये खासगी माहितीला संरक्षण होते, पण व्यापक जनहित असेल तर ती द्यावी, अशी सोय त्याच कलमात होती. शिवाय तळाशी एक पुस्ती होती. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारू नये. 3 ऑक्टोबर 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गिरीश रामचंद्र देशपांडे प्रकरणात निकाल दिला. देशपांडे यांनी अकोल्यात काम केलेल्या एका सरकारी अधिकाऱ्याला बजावलेल्या नोटिसा, ज्ञापने, शिक्षेचे आदेश मागितले होते. न्यायालयाने सांगितले, ही नोकर आणि मालक यांच्यातली बाब आहे, ही खासगी माहिती ठरते. तेव्हापासून राज्यातल्या कोणत्याही जनमाहिती अधिकाऱ्याला पोलिसाच्या चौकशीची माहिती नाकारायला एका ओळीचे उत्तर पुरते.

नोकर आणि मालक. नोकर कोण हे स्पष्ट आहे. पोलिसाचा मालक कोण, एवढाच प्रश्न आहे, आणि तो पगार भरणाऱ्याने विचारायचा आहे.

तरीही व्यापक जनहिताची फट उरली होती. काही माहिती आयुक्तांनी ती वापरून माहिती द्यायलाही लावली. मग 2023 चा डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा आला. त्याच्या कलम 44(3) ने माहिती अधिकारातले हे उपकलमच छाटून टाकले. आता तिथे एवढेच उरले आहे की, व्यक्तिगत माहिती देण्याचे बंधन नाही. उपकलमातली जनहिताची अट गेली. विधिमंडळाची पुस्तीही गेली. नोव्हेंबर 2025 मध्ये ही दुरुस्ती अमलात आली. ज्या वर्षी पनवेलच्या न्यायाधीशांनी पदकाचा प्रश्न विचारला, त्याच वर्षी तो प्रश्न विचारण्याचे सामान्य माणसाचे साधन बोथट झाले.

आणि हे खासगीपण कोणाला मिळते, तेही पाहा. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2016 मध्ये आदेश दिला की, संवेदनशील प्रकरणे वगळता प्रत्येक गुन्ह्याचा प्रथम माहिती अहवाल चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकावा. आदेश योग्यच आहे. पण त्यामुळे आज तुमच्या-माझ्यावर शेजाऱ्याने भांडणातून नोंदवलेला गुन्हा नावासकट कोणीही वाचू शकतो. तो खरा की खोटा, हे ठरायला पुढे सात-आठ वर्षे जातात. तोवर नाव तिथेच असते. तिथे कोणी नोकर-मालकाचे नाते आठवत नाही. महापालिकेच्या निवडणुकीला उभा राहणारा उमेदवार स्वतःवरचे गुन्हे शपथपत्रात लिहून देतो. खारघरला घर घेणारे जोडपे महारेराच्या संकेतस्थळावर जाऊन त्या प्रकल्पावर कोणते दावे आहेत ते आधी बघते. 2017 पासून ही सोय आहे. बिल्डरला ती आवडली नव्हती, पण त्याचा धंदा बुडाला नाही.

यापुढची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. सुरक्षारक्षक म्हणून नोकरीला लागायचे तर चारित्र्य पडताळणीचा दाखला लागतो. शाळेच्या बसचा चालक, सोसायटीचा भाडेकरू, पासपोर्ट मागणारा विद्यार्थी, सगळ्यांचे चारित्र्य तपासले जाते. तपासणारे कोण? पोलीस. रात्रीच्या पाळीला बारा-पंधरा हजारांवर उभ्या राहणाऱ्या माणसाचा पूर्वेतिहास राज्याला हवा. कमरेला पिस्तूल आणि हाती अटकेचा अधिकार असलेल्या माणसाचा पूर्वेतिहास मात्र राज्य स्वतःच्या पदक समितीलाही दाखवू शकले नाही.

यावर एक उत्तर ठरलेले असते. त्यासाठी आपण राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण स्थापन केले आहे. केले आहे, पण स्वतःहून नव्हे. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 22 सप्टेंबर 2006 रोजी ते सांगितले. महाराष्ट्राने त्यासाठी पोलीस कायद्यात दुरुस्ती केली ती 2014 मध्ये. म्हणजे आठ वर्षांनी. प्राधिकरणाची शिफारस बंधनकारक असावी, असे न्यायालयाने म्हटले होते. राज्याच्या दुरुस्तीने सरकारला कारणे नोंदवून अहवाल नाकारण्याची मुभा ठेवली. तेही एक वेळ चालवून घेऊ. पण पनवेलच्या किंवा तुर्भ्याच्या माणसाला आपल्या ठाण्याच्या साहेबांचे नाव टाकून, यांच्याबद्दल या प्राधिकरणापुढे आधी काही आले होते का, हे घरबसल्या बघता येते का? येत नाही. न्यायनिवाडा करणारी संस्था उभी केली. तिच्या निवाड्याला माणसाच्या नावाने शोधता येईल असा पत्ता दिला नाही.

न्यायालयातल्या खटल्यांचीही तीच तऱ्हा. बेकायदा अटकेसाठी किंवा कोठडीतल्या मारहाणीसाठी नागरिक उच्च न्यायालयात जातो तेव्हा प्रतिवादी असतो महाराष्ट्र शासन. निकालाच्या शीर्षकावर शासनाचे नाव येते. अधिकाऱ्याचे नाव आत कुठेतरी परिच्छेदात असते, किंवा ‘प्रतिवादी क्रमांक 4’ एवढेच. भरपाई द्यायची झाली की ती तिजोरीतून जाते. अधिकाऱ्याकडून वसूल करावी, असे न्यायालय अधूनमधून सांगते. वसूल झाली का? झाली असेल तर कोणाच्या पगारातून, किती? एका ठिकाणी लिहिलेली अशी कोणतीही वही जनतेपुढे नाही. अधिकाऱ्यावर व्यक्तिशः दिवाणी दावा लावायचा तर पोलीस कायद्याचे कलम 161 आडवे येते. पदाच्या आधाराने केलेल्या कृत्याबद्दलचा दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. मारहाण झालेल्या माणसाचे सहा महिने अर्ज कुठे पोहोचला हे विचारण्यातच जातात.

कुरुंदकर प्रकरण अपवादात्मक होते, असे खाते म्हणेल. मग मुंबई पोलिसांतला अधिकारी सचिन वाझे आठवावा. ख्वाजा युनूसच्या कोठडीतल्या मृत्यूच्या प्रकरणात 2004 मध्ये निलंबित, खटला प्रलंबित. जून 2020 मध्ये आढावा समितीने त्याला सेवेत परत घेतले. मार्च 2021 मध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेने अटक केली. आढावा समितीने कोणते कागद पाहिले, काय तोलले, हे तेव्हा लोकांपुढे आले असते तर निदान कोणीतरी वेळेत हात वर केला असता. इथे तर आरोप सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक होता. तरी निर्णय बंद दाराआडच झाला.

न्यूयॉर्क राज्यात 1976 पासून ‘50-ए’ नावाचे कलम होते. पोलिसाचा शिस्तभंगाचा इतिहास गुप्त ठेवणारे. तिथल्या पोलीस संघटनांनी ते चव्वेचाळीस वर्षे सांभाळले. मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला 25 मे 2020 रोजी. त्याच्या मानेवर गुडघा ठेवणाऱ्या अधिकाऱ्याविरुद्ध आधी डझनाहून जास्त तक्रारी होत्या. पुढच्या तीन आठवड्यांच्या आत न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने आपले ते कलम रद्द केले. आज तिथल्या शहर पोलिसांतल्या कोणाचेही नाव टाकले की त्याच्याविरुद्धच्या तक्रारी आणि त्यांचे निकाल दिसतात. सिद्ध झाल्या, झाल्या नाहीत, खोट्या निघाल्या, सगळे. अमेरिकेचे पोलीस त्यामुळे सज्जन झाले, असा दावा कोणी करत नाही. एवढेच झाले की, ‘आम्हाला माहीत नव्हते’ हे वाक्य तिथे आता कोणाला सहज म्हणता येत नाही.

आक्षेप येतील, आणि एक आक्षेप खरोखर दखल घेण्यासारखा आहे. गुन्हेगारांवर हात टाकणाऱ्या अधिकाऱ्याविरुद्ध मुद्दाम खोटे अर्ज केले जातात. वाळूवाले करतात, बारवाले करतात, राजकीय आशीर्वाद असलेले करतात. नवी मुंबईत ज्याने कधी अनधिकृत बांधकामाच्या बंदोबस्ताला उभे राहून दगड खाल्ले आहेत, त्या अधिकाऱ्याला हे सांगावे लागणार नाही. अशा माणसाचे नाव नुसत्या अर्जांच्या संख्येने बदनाम होऊ नये. म्हणूनच तक्रारीसोबत तिचा निकालही छापायचा. खोटी निघाली तर खोटी असे लिहायचे. आज खोट्या अर्जातून सुटलेला प्रामाणिक अधिकारी आणि खऱ्या अर्जातून सटकलेला बेरड अधिकारी यांच्यात फरक करायला लोकांकडे काहीच नाही. दोघांबद्दल सारखीच कुजबूज चालते. गुप्ततेने प्रामाणिक माणसाचे काही भले झालेले नाही. आणि मनोधैर्य खचेल हा दुसरा आक्षेप तर विचारात घेण्याच्याही लायकीचा नाही. खोट्या गुन्ह्यात नाव छापून आल्याने सामान्य माणसाचे मनोधैर्य खचत नाही का, हे त्या आक्षेपवाल्याने आधी सांगावे.

बिद्रे स्वतः पोलीस होत्या, हे इथे पुन्हा सांगायला हवे. गणवेशातल्या, कायदा जाणणाऱ्या, खात्यात ओळखी असलेल्या. त्यांच्या घरच्यांना बेपत्ता झाल्याच्या नोंदीपासून अटकेपर्यंत दीड वर्ष झगडावे लागले. गणवेश नसलेल्या घराचे काय होत असेल, त्याचा हिशेब करायला वेगळी आकडेवारी नको. खात्यातल्या कनिष्ठ महिला अधिकाऱ्यांनी वरिष्ठांविरुद्ध केलेल्या तक्रारी कोणत्या फाइलीत आहेत, हा प्रश्न त्या निकालानंतर तरी आयुक्तालयांनी स्वतःला विचारायला हवा होता. अशी तक्रार पहिल्यांदा करणारीला, आपल्या आधी कोणी केली होती का, हे कळण्याची सोय खात्याच्या आतही नाही.

पदक परत घेता येते. राष्ट्रपतींच्या पदकाच्या नियमांतच ती तरतूद आहे. दलाची बेअब्रू करणारे वर्तन हे त्याला पुरेसे कारण आहे. पण पदक परत घेऊन फक्त एका माणसाच्या छातीवरचा धातू जाईल. शिफारस करणाऱ्या सह्या तशाच राहतील. त्या सह्या कोणाच्या, दाखला कोणी दिला, हे राज्य सरकारने आधी सांगितले पाहिजे. ही काही कोणाची व्यक्तिगत माहिती नाही. ती सरकारी कामकाजाची नोंद आहे.

आणि बाकीच्यासाठी विधानसभेत नवे विधेयक आणायची गरज नाही. माहिती अधिकार कायद्याचे कलम 4 सार्वजनिक संस्थेने कोणी न मागता माहिती प्रसिद्ध करावी, असे सांगते. कलम 8(2) वर 2023 च्या कायद्याने हात घातलेला नाही. जनहित मोठे असेल तर संस्था माहिती देऊ शकते, असे ते आजही म्हणते. नवी मुंबई आयुक्तालयाच्या हद्दीतल्या प्रत्येक ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यासमोर चार गोष्टी लिहायच्या आहेत. आलेल्या तक्रारी. झालेल्या चौकश्या. त्यांचे निकाल. न्यायालयाने दिलेली भरपाई आणि ती कोणी भरली. त्याच संकेतस्थळावर आज नागरिकांवरचे प्रथम माहिती अहवाल चढतात. यंत्रणा आहे, माणसे आहेत, कायदा आहे. हे सुरू करायला बेलापूरच्या आयुक्तालयातून एक आदेश निघावा लागतो.